विमलताईंनी सांगितलेला दोर

एकाच वेताच्या दोन बहिणी होत्या त्या. दोघी तांबड्या, दोघींच्या कपाळावर पांढरा टिळा. फरक एवढाच, की एकीचा डावा कान जन्मापासून मुडपलेला. त्या आईला लुचत होत्या तेव्हाच भावसिंगनं वाटणी करून टाकली होती. मुडप्या कानाची आपली, सरळ कानाची विमलताईंची. विमलताई तिकडे केळापूरला लेकीकडे राहत होत्या. कोणती पाट, कोणती तरणी बकरी कुणाच्या वाट्याला गेली ते त्यांना तिथून दिसणार नव्हतं. दिसणार नव्हतं म्हणूनच भावसिंगनं बिनखोडीची त्यांच्याकडे लावली.

त्याची बायको चांदीबाई तेव्हा हसली होती. "लोकं चांगली सोताले ठेवतेत अन् खोडीची दुसऱ्याले देतेत. तुमचं सारं उलटंच."

"दुसऱ्याची हाये म्हणून तं चांगली द्या लागते," तो म्हणाला होता.

दिग्रस आणि आर्णीच्या मधल्या त्यांच्या बंजारा तांड्यात अन् तांड्याखालच्या गावात बकऱ्या बटईनं देण्याची चाल जुनी. बकरी एकाची, चारा-राखण दुसऱ्याची, आणि होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. कागद नाही, अंगठा नाही. पाळणाऱ्यावर भरवसा असला तर बकरी सोडायची, नसला तर विकून मोकळं व्हायचं. भावसिंगच्या दारात अशी पाच-सहा घरची जनावरं असायची. खालच्या गावातली माणसं तांड्यावर यायची, दावं त्याच्या हातात द्यायची आणि मागं न बघता निघून जायची. जंगलाच्या कडेला लांडग्याचा त्रास होता, पण त्याच्या हातून आजवर कुणाची बकरी गेली नव्हती. म्हातारपणी त्याच्याकडे एवढीच पत होती आणि त्याची चूलही तिच्यावरच पेटत होती.

विमलताईंचे मालक आणि भावसिंग जवानीत दिग्रसच्या जिनिंगमध्ये जोडीनं कापसाच्या गाठी उचलायचे. एक इकडून धरायचा, एक तिकडून. पुढं जोडीदार आजारानं गेला. विमलताईंना मुलगा नव्हता, लेक जया केळापूरला दिलेली. गावातलं घर बंद करून त्या तिच्याकडे निघाल्या तेव्हा आपली कबरी बकरी घेऊन तांड्यावर चढून आल्या होत्या. "भाऊ, हिले विकवत नाही मले. तुमी पाळा." ती कबरी पुढं म्हातारी होऊन मेली. मरायच्या आधी या दोन पाटी देऊन गेली.

दिवाळी झाली, तुरीला फुलं आली, आणि विमलताईंचा फोन आला.

"भाऊ, जय भीम. माही पाट आता पाठवून द्या."

"रामराम ताई. पाठवतो ना. पण दोघीबी गाभण हायेत. याली म्हणजे मीच घेऊन येतो, पिल्लासंगट."

"नाही, आताच पाठवा. जावयानं इथं टिनाचा गोठा केला. माह्या डोळ्यापुढं याली पाह्यजे ते." मग आवाज जरा खाली आला. "लेकीच्या घरी बसून खाऊन राह्यली मी, भाऊ. कोणी काही म्हणत नाही. पण घरातलं दूध माह्या बकरीचं असलं त चहा मांगाले लाज वाटत नाही."

"बरं. मंग दोन-चार दिवसांत आणतो मी."

"तुमी कायले येता या वयात? तो बादल येते ना तुमच्या तांड्याचा, मेटाडोर घेऊन, बाजाराच्या दिवशी. त्याच्या गाडीत चढवून द्या. मी फाट्यावर उभी राहीन."

बादल चांगला पोट्टा होता, पण गाडी हाकायचा वाऱ्यासारखी. भावसिंग म्हणाला, "त्याच्यापेक्षा मी—"

"बादलच्याच गाडीत द्या. अन् भाऊ, वाईट नका मानू. जावई म्हणे, दोनीतली चांगली पाठवतेत का नाही कोण जाणे. मी म्हटलं त्याले, भाऊ तसा माणूस नाही. तरी सांगून ठेवते. ते मुडप्या कानाची नका देऊ बरं."

भावसिंगची नजर दारात गेली. समोर दोघी बोरीच्या पाल्यावर तोंड मारत होत्या. सरळ कानाची अंगानं भरली होती, पाठ चमकत होती. तिच्यासाठी त्यानं स्वतःच्या पाटीच्या तोंडचा दाणा काढला होता, असं म्हटलं तरी चाललं असतं. पण सांगणार काय?

तिकडून विमलताई बोलतच होत्या. "अन् पाय नका बांधू तिचे. माही आई एकदा गाभण बकरी पाय बांधून घेऊन आलती, त तिनं घरी येऊन गाभ टाकला. गळ्याले दोर लावा, चांगला लांब. तिले उठता-बसता आलं पाह्यजे."

आता ही गोष्ट भावसिंगला कुणी शिकवायची गरज नव्हती. उघड्या गाडीत बकरी लांब दोरानं कधी बांधत नाहीत. ती बिचकली की उडी मारते, फळकुटावरून बाहेर जाते आणि दोर गळ्याला राहतो. दोर आखूड घ्यायचा, डोकं फळकुटाच्या वर जाऊ द्यायचं नाही, खाली पोतं अंथरायचं. गाभण असली तरी तेच.

"आखूड बांधला त बरं राहते, ताई," तो म्हणाला.

"भाऊ, बकरी माही हाये. मी सांगते तसं करा."

"बरं," भावसिंग म्हणाला, आणि फोन बंद केला.

पुन्हा एकदा सांगता आलं असतं. काहून, कसं, ते उलगडून सांगता आलं असतं. विमलताई काही अडाणी नव्हत्या. ऐकलं असतं त्यांनी. पण मुडप्या कानाची गोष्ट त्याला लागली होती, आणि त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी बादलची गाडी तांड्याच्या वळणावर उभी राहिली. मागं वांग्याची पोती होती. भावसिंगनं पाटीला उचलून चढवलं, गळ्यात दोर घातला, दुसरं टोक गाडीच्या कडीला बांधलं. गाठ पक्की. दोर लांब. उठता-बसता येईल असा.

बादल तंबाखू चोळत मागं आला. बघितलं, आणि म्हणाला, "काका, दोर लांब नाही झाला का?"

"जिची बकरी तिनं सांगतला."

"पण काका, तुमी त—"

"मालकाचा हुकूम हाये. तू गाडी चालव."

बादल हसला. "तुमी त लयच सरकारी झाले आज." खिडकीतून हात हलवत तो निघून गेला. दारातली मुडप्या कानाची दावं ताणून ओरडत राहिली. सरळ कानाचीनं गाडीतून उत्तर दिलं, वळणापर्यंत.

दुपारी बादलचाच फोन आला. केळापूरच्या अलीकडे समोरून ट्रक आला, हॉर्न वाजवला, आणि पाटीनं उडी मारली. गाडीच्या कडेला लोंबकळली. त्याला कळलंच नाही. मागून एक मोटरसायकलवाला ओरडत पुढं आला तेव्हा त्यानं गाडी थांबवली.

"मेली?"

"मेली, काका."

चांदीबाईनं डोक्याला हात लावला. भावसिंग उठला आणि उगाच बकऱ्यांना पाणी पाजायला निघाला. त्यांना तासाभरापूर्वीच पाजलं होतं. त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. संघदीप त्याचं नाव, पांढरकवड्याला एका दुकानात कामाला. तो शिव्या देत नव्हता, पण एकेक शब्द वाजवून बोलत होता. "काका, आमचं जनावर जिवंत तुमच्याकडे होतं. आमाले मेलेलं भेटलं. तुमी कसं बांधलं अन् त्यानं कसं नेलं, ते तुमचं तुमी पाहा. एक पाट देणं लागता, एक पाट द्या. हाये ना तुमच्या दारात दुसरी? नाही त मी ठाण्यात अर्ज देतो."

"ताईले देतं का फोन?"

"आई कोणाशी बोलत नाही."

तांड्यात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. कुणी म्हणे, भावसिंगचा हात थरथरायला लागला आता, गाठ सुटली असेल. दुसरा म्हणे, गाठ सुटली असती तर बकरी वाचली असती, सुटली नाही म्हणून मेली. चौथ्या दिवशी खालच्या गावची एक बाई आली आणि आपली बकरी सोडून घेऊन गेली. "लेक म्हणते का आता घरीच पाळू," एवढंच म्हणाली. जाताना तिनं मागं वळून बघितलं. याआधी असं कुणी बघितलं नव्हतं.

भावसिंगचा मुलगा अमरसिंग चिडला. "बापू, तुमी वाट कायची पाहता? त्या बाईनं सांगतलं तिथं दिली, सांगतलं तशी दिली. आपण कायले भरून द्यायची? उद्या सारेच येतीन. चला दिग्रसले."

दिग्रसला कोर्टाच्या बाजूला रामराव वकील बसायचे. मागं एकदा तांड्याचं जमिनीचं काम त्यांनी केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि हसून म्हणाले, "तीस वर्षं वकिली करून राह्यलो, बकरीचा करार पहिल्यांदाच आला."

"साहेब, देणं फिटलं का नाही, तेवढं सांगा," अमरसिंग म्हणाला.

"सांगतो. हे पाहा भावसिंग. समजा तुम्ही मला म्हटलं, वकीलसाहेब, माझे पैसे तुम्ही पोस्टानं पाठवा. मी पाकिटावर बरोबर पत्ता लिहिला आणि टाकलं पेटीत. माझं देणं तिथंच फिटलं. पुढं टपाल हरवो, जळो, पुरात जावो, ते तुमचं. कारण पोस्टाची वाट तुम्ही सांगितली होती. कायदा असाच आहे. ज्याचं घेणं आहे त्यानं जी रीत सांगितली, त्या रीतीनं तुम्ही दिलं, की तुम्ही मोकळे."

"अन् त्यानं वाट नसती सांगतली तं?" भावसिंगनं विचारलं.

"मग जिथं द्यायचं तिथं त्याच्या हातात पोचेपर्यंत सारं तुमच्या माथी. तुम्ही आपल्या मनानं गाडीत चढवली असती, तर आज दुसरी पाट द्यावी लागली असती." वकिलांनी कप खाली ठेवला. "आता एकच विचारतो, नीट सांगा. बाईनं सांगितलं तसंच केलं ना? गाडी तीच? दोर तसाच? त्यात तुमचं काही कमी-जास्त?"

"काहीच नाही," भावसिंग म्हणाला. "जसं सांगतलं, तसंच केलं."

"मग झालं तर. घरी जा, निवांत झोपा."

एसटीत अमरसिंग खुशीत होता. बापाला भजी घेऊन दिली. भावसिंगनं पुडा मांडीवर धरून ठेवला. वकिलानं विचारलं त्याला त्यानं खरंच उत्तर दिलं होतं. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. तरी बादलचं ते अर्धं वाक्य कानात राहिलं होतं. 'पण काका, तुमी त—' तुमी त शहाणे, असंच म्हणणार होता पोट्टा.

वकिलाचं सांगणं जावयाला पटलं नाही. शेवटी तांड्याच्या नायकानंच निरोप धाडला, की बकरी तांड्यावर पाळली गेली, तर गोष्टही तांड्यावरच मिटवू, तुम्ही या. आणि एका दुपारी विमलताई एकट्याच एसटीतून उतरल्या. जावई आला नव्हता. हातात कापडी पिशवी, अंगावर पांढरी साडी, आधीपेक्षा वाळलेल्या. त्यांनी भावसिंगकडे बघितलं, मान हलवली, आणि नायकाच्या ओसरीवर टेकल्या.

ओसरीवर आठ-दहा माणसं जमली होती. बादल खांबाला टेकून उभा, नजर पायाच्या अंगठ्यावर. चांदीबाई बायकांमध्ये मागं.

एक म्हातारा सुरुवातीलाच म्हणाला, "बकरी मेली डायवरच्या हातात, अन् पकडून आणलं राखणाऱ्याले. वा रे न्याव!"

"अन् बांधली कोणं?" दुसरा म्हणाला. "दोर कोणाच्या हातचा होता?"

"हात भावसिंगचा, हुकूम बाईचा. आमच्या घरीबी असंच चालते." यावर बायकाही हसल्या.

नायकानं हात वर केला. "ताई, तुमी सांगा. जावई म्हणते का एक पाट भावसिंगकडे निघते. भावसिंगचा पोट्टा म्हणते का तुमीच सांगतलं तशी दिली, काही निघत नाही. फोनवर बोलणं झालं, आइकणारं तिसरं कोणी नव्हतं. मंग खरं काय ते तुमी दोघंच जाणता."

आता सगळं विमलताईंच्या एका शब्दावर आलं. 'मी सांगितलं नव्हतं,' एवढं त्या म्हणाल्या असत्या, तर भावसिंगकडे दाखवायला काही नव्हतं. मुडप्या कानाची सोडून द्यावी लागली असती, आणि तिच्यामागं उरलेल्या घरांच्या बकऱ्याही एकेक करून गेल्या असत्या. त्यानं खाली बघितलं. आणि मनात कुठंतरी त्याला वाटलं, की म्हणावंच त्यांनी तसं.

विमलताईंनी पिशवी मांडीवर घेतली. "मी सांगतलं होतं. बादलच्या गाडीत द्या म्हणून मीच म्हटलं. पाय बांधू नका, दोर लांब ठेवा, हेबी मीच म्हटलं. भाऊ आखूड बांधतो म्हणत होते. मी नाही आइकलं. त्यांनी माह्या सांगण्याबाहेर काही केलं नाही. माही पाट गाडीत चढली तवाच त्यांचं देणं फिटलं. जावयाले मी समजावून सांगीन."

मग नायक म्हणाला, "आइकलं सगळ्यायनं? भावसिंगकडे काही निघत नाही. ही गोष्ट पुन्हा कोणं काढाची नाही."

अमरसिंगनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. मघाचा म्हातारा म्हणाला, "बाई असावी तं अशी." खालच्या गावच्या एकानं तर तिथंच सांगितलं, "भाऊ, माही शेरडी तुमच्याकडेच राहू द्या बरं." भावसिंगला हे सगळं दुरून ऐकू आल्यासारखं वाटलं. चांदीबाईनं चहा केला. विमलताईंनी घेतला, बशीत न ओतता, घाईघाईनं, आणि उठल्या. आर्णीकडं जाणारी गाडी यायची होती.

भावसिंग घरी गेला, मुडप्या कानाचीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन त्यांच्या मागं फाट्याकडे निघाला. अमरसिंग ओरडला, "बापू, आता कुठं नेता तिले?"

फाट्यावर कडुलिंबाखाली विमलताई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी बकरीकडे बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली. टिळा तोच, रंग तोच.

"ताई, हिले घ्या."

"काहून?"

"माह्या मनानं देऊन राह्यलो."

"आता त म्हटलं मी चारचौघात, का देणं फिटलं. आता ही घेतली त मी खोटी पडते, अन् ते सारं नाटक होते. अन् फिटल्यावर दिलं त ते देणं नाही राहत, भाऊ. ते दान होते. मी लेकीच्या घरचा चहा मोजून पेते, मी तुमचं दान घेऊ?"

भावसिंग दोर हातात धरून उभा राहिला. बकरी त्यांच्या पिशवीला हुंगू लागली. विमलताईंनी तिला ढकललं नाही, हातही लावला नाही.

"बादलनं मले सांगतलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यानं म्हटलं होतं तुमाले, का काका, दोर लांब झाला. तुमी काय म्हटलं ते बी सांगतलं." त्यांचा आवाज चढला नाही. "मी फाट्यावर उभी होती, भाऊ. मले दुरून गाडी दिसली. बाजूले काही तरी हालत होतं. मले वाटलं पोतं लोंबलं. जवळ आली तवा दिसलं. मोटरसायकलवाला माह्या समोरून ओरडत गेला. गाडी थांबली, मी पळत गेली. दोर मीच सोडला. मान गेली होती. मी पोटावर हात ठेवला त आतमधी हालून राह्यलं होतं. थोडा वेळ हाललं, मंग थांबलं."

फाट्यावरून एक ट्रॅक्टर गेला, कापूस भरलेला.

"मी एकदा सांगतलं होतं ताई. आखूड बांधतो म्हणून," भावसिंग म्हणाला. बोलला आणि त्यालाच ते बोलणं कसंतरी लागलं.

"हो. एकदा सांगतलं." विमलताईंनी मान हलवली. "दुसऱ्यांदा नाही सांगतलं. काहून, ते बी मले मालूम हाये. मी मुडप्या कानाची गोष्ट काढली ना. फोन ठेवल्यावर माहं मलेच लागलं ते. उलटून फोन करीन म्हटलं, केला नाही." त्यांनी पिशवी जवळ ओढली. "दोर मी सांगतला, ते माहं मी पाहीन. तुमचं तुमी पाहा. पंचायतीत सांगाची गोष्ट नव्हती ते, म्हणून नाही सांगतली."

भावसिंगला वाटलं, यापेक्षा ओसरीवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नायकानं बकरी द्यायला लावली असती, दंड केला असता, आणि काहीतरी हातातून गेलं असतं. आता काहीच जात नव्हतं.

लांबून एसटीचा आवाज आला. तो घाईनं बोलला. "ताई, बटईनं घ्या मंग. बकरी माही राहीन, पाळा तुमी. पिल्लं निम्मे तुमचे, निम्मे माहे. दूध सारं तुमचं. हे त दान नाही ना? चालच हाये आपली."

विमलताईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "मी पाळू तुमची?"

"हो. जावयानं गोठा केला म्हणता. रिकामाच असन."

"रिकामाच हाये." त्यांनी हात पुढं केला. मुडपलेला कान बोटांत धरला, उलगडून बघितला, सोडला. तो पुन्हा मुडपला. "गाभण हाये हे बी?"

"हो. बहिणीसंगटच लागली होती."

गाडी वळणावर दिसली. विमलताई उठल्या, पदर सावरला. "बरं. बटईनं घेईन. चालीनं हाये त घेईन."

"मंग कशी आणू? तुमी सांगान तशी आणतो."

भावसिंग हे सहज बोलून गेला. विमलताईंच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम मिटल्यासारखं झालं.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या. "गाडी कोणती, दोर केवढा, काही सांगत नाही. पुन्हा नाही सांगणार मी. तुमाले समजते तशी आणा."

एसटी थांबली. कंडक्टर ओरडला, "चला मावशी, लवकर!" त्या चढल्या. खिडकीत बसल्या, पण खिडकीच्या बाहेर बघितलं नाही. गाडी धूळ उडवत आर्णीकडे निघून गेली.

भावसिंग लिंबाखाली उभा राहिला. केळापूर लांब होतं. बादलची गाडी होती, पण आता ती नको वाटत होती. एसटीत घेतीलच याचा नेम नाही. पायी न्यावी तर गाभण जनावर, मधे जंगलाचा पट्टा, आणि त्याचे स्वतःचे गुडघे. गाडीत बांधायची तर आखूड. आखूड बांधून तिला फास लागला तर? पाय बांधून, पोत्यावर निजवून, आणि गाभ टाकला तर? आयुष्यभर लोकांना तो सांगत आला होता की बकरी अशी न्यावी, अशी नेऊ नये. मघाशी ओसरीवर कुणी विचारलं असतं तरी त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं.

त्यानं दोर हातभर सोडला. मग ओढून आखूड केला, इतका की बकरीनं मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा थोडा सोडला. कुठं धरावा ते त्याला कळेना. खालच्या गावातला कुणी सायकलवर जाताना ओरडला, "काय भाऊ, बकरीले नाचवून राह्यले का?" भावसिंग तसाच, दोराचं माप हातात घेत, उन्हं कलेपर्यंत लिंबाखाली उभा होता.